इथले शंभर निरोगी लोक

सोमवारी सकाळी लॅबमध्ये पोचून मी पर्स ड्रॉवरमध्ये टाकली, चहाचा पहिला घोट घेतला आणि मेल उघडली, तर सिस्टिमने आपणहून पाठवलेली एक नोंद सगळ्यात वर येऊन बसली होती. दोन हजार दहा सालच्या अमुक नंबरच्या रिपोर्टात जनुकातला जो बदल रोगाचं कारण म्हणून कळवला होता, तो आता निरुपद्रवी गटात टाकला आहे. सही करणाऱ्याने नोंद घ्यावी. सही करणारी मी, विशाखा दाबके. निवृत्तीला सतरा दिवस राहिलेले. नोंदीत पेशंटचं नाव नव्हतं, नुसता नमुन्याचा नंबर. मला स्वतःच्या मुलीचा फोन नंबर पाठ नाही, पण हा नंबर मी पाहताक्षणी ओळखला. तो खल्फानचा होता, रईसाच्या नवऱ्याचा. मस्कतजवळच्या सीबच्या घरात आम्ही अकरा वर्षं वरच्या मजल्यावर राहिलो आणि ती दोघं खाली. चहा तसाच राहिला. शेजारच्या टेबलावरची मैथिली, माझ्या जागी यायची आहे ती, म्हणाली, "मॅम, बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, "एसी फार आहे गं." इथे तीस वर्षं काहीही झालं की मी एसीवरच ढकलत आले आहे.

कारणही खाली दोन ओळींत दिलेलं होतं. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या काही हजार धडधाकट माणसांचे नमुने आता जगाच्या यादीत आले आहेत आणि त्यांच्यात दर चाळिसांमागे एकाकडे हा बदल सापडतो. चाळिसांत एक! एवढ्या लोकांकडे असलेली गोष्ट जर तरण्याताठ्या माणसांना मैदानावर आडवं करत असती, तर तो किनारा केव्हाच ओस पडला असता. हे समजायला जनुकशास्त्र लागत नाही, अलिबागच्या बाजारातल्या कोळणीलाही समजेल. आणि वाईट याचं वाटलं की मी हेच दर वर्षी नव्या मुलींना शिकवते. फळ्यावर एक मोठं वर्तुळ काढते, म्हणते ही आफ्रिका. माणूस सगळ्यात जास्त काळ तिथे राहिला, म्हणून माणसामाणसातले फरकही सगळ्यात जास्त तिथेच. मग त्याच्या आत एक लहानसं वर्तुळ काढते. तिथून बाहेर पडले ते थोडे लोक, त्यांनी बरोबर नेलं ते थोडंसं, आणि आपण बाकीचे सगळे त्या थोड्याशातून झालो, गोरे काय नि आपण काय. म्हणून औषधाचा डोस ठरवताना, रिपोर्ट वाचताना लहान वर्तुळाची यादी घेऊन मोठ्या वर्तुळातल्या माणसाला मोजू नका. मुली लिहून घेतात. मी हात झटकते, खडूचे. हे सगळं मी शिकवायला लागले ते दोन हजार सोळापासून, परदेशी लॅबच्या अशा चुका छापून आल्यावर; त्याच्या आधी मला ते माहीत होतं असं म्हणता येईल, पण कळलं होतं असं नाही म्हणता येणार.

सीबचं ते घर खल्फानच्या वडिलांचं. आम्ही मुंबईहून आलो तेव्हा माझ्या नवऱ्याच्या, अंबरीशच्या कंपनीने ते मिळवून दिलं होतं, आणि मी पहिले दोन महिने रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन रडत असे. समुद्र दिसायचा, पण तो माझ्या माहेरच्या अलिबागचा नव्हता. वास तोच आणि माणसं वेगळी, याने जास्तच रडू यायचं. एका दुपारी खालून खर्र खर्र असा आवाज आला आणि मी जिना उतरून सरळ रईसाच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. ती एका बुटक्या लाकडी घडीच्या बैठकीवर बसून, पुढे आलेल्या दातेरी पात्यावर नारळ खवत होती. आमची खवणी! तिच्या सासूने ती झांझिबारहून येताना आणलेली. रईसा स्वतः आठ वर्षांची असताना तिथून आली. तिच्या घरी त्या खवणीला बकरी म्हणतात, हे तिने मला सांगितलं आणि आम्ही दोघी का कोण जाणे इतक्या हसलो की तिची सासू बघायला आली. तिचं हिंदी व्हिडिओ कॅसेटींवर शिकलेलं होतं, त्यामुळे ती साध्या साध्या गोष्टीही फार मोठ्या आवेशाने बोलायची. "विशाखा, ये नारियल मेरा है, मगर आज से तेरा भी है!" पुढे अकरा वर्षं आम्ही एकमेकींचे नारळ खवले. ती माशाच्या कालवणात लवंग घालायची, मी त्रिफळं. आणि दोघींचं ठाम मत होतं की दुसरीचं थोडं चुकतंच. आमची अंतरा आणि तिचा नबील एका वर्षाच्या अंतराने झाले आणि एकाच जिन्यावर वाढले. अंतराला मराठीत आकडे यायच्या आधी स्वाहिलीतलं मोजा, म्बिली, ताटू यायचं, आणि अंबरीशच्या आईने पुण्याहून फोनवर ते ऐकून विचारलं होतं की मुलीला डॉक्टरकडे नेलं का. मी गच्चीवर कुरडया घातल्या की नबीलचा फुटबॉल त्यांत हमखास येऊन पडायचा. ओमानच्या उन्हात कुरडया एका दिवसात वाळतात. पण चेंडूचा ठसा असलेल्या निदान दहा तरी दर वर्षी पुण्याला जायच्या. सासूबाई म्हणायच्या, हा काय नवा साचा? ते सगळं मला आता इतकं जवळ वाटतं, आणि परवाची गोष्ट आठवत नाही.

दोन हजार नऊच्या नोव्हेंबरात खल्फान शुक्रवारी सीबच्या किनाऱ्यावर मित्रांबरोबर फुटबॉल खेळता खेळता पडला आणि उठला नाही. अडतीस वर्षांचा. तोवर आम्ही मस्कतमध्येच मदिनत सुलतान काबूसला राहायला गेलो होतो. रईसाचा फोन आला आणि ती नुसती माझं नाव घेत राहिली. इथल्या रिवाजाप्रमाणे त्याच दिवशी सूर्यास्ताच्या आत दफन झालं. पोस्टमॉर्टेम वगैरे कुणी मनातही आणलं नाही. फक्त इमर्जन्सीत काढलेलं थोडं रक्त उरलं होतं. डॉक्टरांना संशय हृदयाच्या स्नायूच्या रोगाचा. घराण्यातून येतो तो. आमच्या लॅबमध्ये तेव्हा जनुकं वाचायचं काम नुकतंच सुरू झालेलं. मी सहा महिन्यांचं ट्रेनिंग घेऊन आलेली, डोक्यात हवा गेलेली. मला वाटलं, रईसासाठी मी एवढं तरी करीन: तिला कारण शोधून देईन. रात्रंदिवस बसले म्हणा ना. आणि एका जनुकात एका अक्षराचा बदल सापडला, जो परदेशातल्या कुठल्याच यादीत नव्हता. मग नियमाप्रमाणे इथल्या शंभर निरोगी लोकांत तो आहे का हे तपासायचं होतं. शंभर लोक आणायचे कुठून? ओमानी घरांत जाऊन रक्त मागणं म्हणजे महिनोन्महिने परवानग्या. आणि इकडे महाराष्ट्र मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू पंधरा दिवसांवर आलेलं! मी कमिटीपुढे कल्पना मांडली, कमिटीने टाळ्या वाजवल्या. शाळेच्या हॉलमध्ये एका टेबलाला हळदीकुंकू, एका टेबलाला मी आणि माझ्या नळ्या. सहीचा कागद, दंडाला पट्टा, रक्त, मग तिळगूळ आणि वाण म्हणून प्लॅस्टिकचा डबा. नवरे मंडळींनाही ओढून आणलं. एक बाई म्हणाल्या, "विशाखा, रक्त घेतेस आणि डबा देतेस, सौदा वाईट नाही." दादर, गिरगाव, सदाशिव पेठ, चिपळूण, मालवण: शंभर माणसं दोन तासांत गोळा. एकाकडेही तो बदल नव्हता. मी रिपोर्टात लिहिलं, 'इथल्या शंभर निरोगी व्यक्तींत आढळला नाही.' इथल्या! मला त्यात काहीही खटकलं नाही. डॉक्टरांना खटकलं नाही. आम्ही इथेच राहत होतो ना, पंधरा-पंधरा वर्षं, मग आम्ही इथलेच.

नबील तेव्हा चौदा वर्षांचा. शाळेच्या संघातून मस्कतच्या संघात निवडला गेलेला. त्याच्याकडे तो बदल होता. त्याचं हृदय तपासलं तेव्हा स्नायू किंचित जाड दिसला. खेळणाऱ्या मुलांचा असतोच, पण माझा कागद शेजारी ठेवून पाहिल्यावर तो किंचितपणा डॉक्टरांना किंचित वाटेना. पळायचं नाही, पोहायचं नाही, जिना सावकाश. धाकटा अरमान नऊ वर्षांचा, त्याच्याकडे बदल नव्हता. त्याला मोकळं सोडलं, पुन्हा तपासायचीही गरज नाही म्हणून लिहून दिलं. रईसाने माझे दोन्ही हात धरले होते. "तूने मेरा एक बेटा बचाया." मी घरी येऊन अंबरीशला सांगितलं तेव्हा माझा ऊर भरून आला होता, हे मी आता लपवून काय करू. नबील पुढची दोन-तीन वर्षं मैदानाच्या कडेला बसून बाकीच्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायचा. मी एकदा गाडीतून जाताना पाहिला. तो मला बघून हसला आणि हात केला. अतिशय गुणी मुलगा. मग जाड झाला, मग बंदरातल्या एका ऑफिसात टेबलाचं काम धरलं, तिसाव्या वर्षी चाळिशीचा दिसायला लागला. लग्नाचं काढलं की म्हणायचा, इन्शाल्ला, आणि विषय बदलायचा. आणि अरमान? अरमान डोंगरातल्या लांब पल्ल्याच्या शर्यती पळतो. रईसाच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवर त्याचेच फोटो. या शुक्रवारी पहाटे त्याची जबलमधली, उंच डोंगरातली शर्यत होती, रविवारीच तिने बूट टाकले होते स्टेटसला.

आता हे सगळं उलटं झालं होतं. नबीलला उगाच बांधून ठेवलं होतं आणि अरमानला उगाच सोडलं होतं. खल्फान कशाने तरी गेला होता एवढं खरं, आणि ते जे काही होतं ते कुणाकडे आलं आहे की कुणाकडेच आलं नाही, याची कुणाला काहीच कल्पना नव्हती. सोमवारी दुपारी मी हृदयाच्या डॉक्टरांकडे गेले. नवीन आहेत, तरुण, शांत. ते म्हणाले, क्लिनिकतर्फे रीतसर पत्र जाईल, दोन्ही मुलांना बोलावू, महिनाभरात होईल. रीतसर हा शब्द ऐकून मला जे हायसं वाटलं त्याची मला लाज वाटते. महिनाभरात मी पुण्याला, बाणेरच्या फ्लॅटमध्ये. संध्याकाळी अंबरीशला सांगितलं. तो खोक्यांवर मार्करने नावं घालत होता. "अगं, तेव्हा जेवढं माहीत होतं तेवढ्यावरून तू लिहिलंस. एव्हरीबडी डिड. आता क्लिनिक सांगणार आहे ना? जाताजाता कशाला तोंड कडू करून घेतेस?" मी म्हटलं, "शुक्रवारी अरमान पळणार आहे." तो म्हणाला, "पंधरा वर्षं पळतोय तो." हे काही खोटं नव्हतं. मी बुधवारपर्यंत त्याच वाक्यावर राहिले. फोन हातात घ्यायचा, रईसाचं नाव काढायचं, आणि आठवायचं काय, तर नारळ, कुरडया, ती बकरी. तीस वर्षांत या देशात मला मिळालेलं एकमेव सख्खं माणूस. ते जाईल म्हणून मी गप्प होते. बाकी सगळी कारणं वरवरची.

गुरुवारी दुपारी चारला मी लॅबमधून सरळ सीबला गेले. अरमान संध्याकाळीच डोंगराकडे निघणार, हे माझ्या डोक्यात घड्याळासारखं वाजत होतं. रईसा दारातच म्हणाली, "आ गई! मला माहीत होतं, तू जाने से पहले आएगी." 'मला माहीत होतं' एवढं मराठी तिला येतं. तिने आल्याचा चहा टाकला, तळलेले गोड पाव पुढे केले. नबील ऑफिसातून लवकर आला होता, सोफ्यावर बसला होता. अरमान नुकताच निघून गेला होता. मी पाव हातात धरून बोलायला सुरुवात केली आणि मध्ये थांबले नाही. मोठं वर्तुळ, लहान वर्तुळ काही काढलं नाही. एवढंच सांगितलं की खल्फानच्या रक्तात मी जे कारण म्हणून दाखवलं ते कारण नव्हतं. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ते कितीतरी चांगल्या ठणठणीत लोकांकडे असतं. मी ज्या शंभर लोकांशी ताडून पाहिलं ते सगळे माझ्याकडचे होते. नबीलला त्या बदलामुळे काही धोका नाही. आणि अरमानला नाही असं मी जे म्हटलं होतं, ते आता मला म्हणता येत नाही; पुन्हा तपासेपर्यंत त्याने पळू नये.

रईसाने किटलीवर झाकण ठेवलं आणि म्हणाली, "खल्फान की नानी पेंबा की थी, झांझिबार के पास का टापू. लवंग तोडती थी. तेरे को मालूम नहीं था?"

"नहीं. फॉर्म पे अरब, ओमानी लिखा था."

"फॉर्म पे हम वही लिखते हैं. तू पूछती ना."

मी विचारलं नव्हतं. इथे कुणाच्या आजीचं मूळ विचारत नाहीत; ते बरं दिसत नाही, हे आम्हाला इथे आल्या आल्या सांगितलं जातं, आणि मी ते इतकं चोख पाळलं होतं की मला त्याचा अभिमानसुद्धा होता. तिची सासू रंगाने माझ्यापेक्षा कितीतरी काळी होती, केस कुरळे होते, मला डोळे होते.

"ग्यारह साल एक ही चूल्हे के पास," रईसा म्हणाली, "और पूछा नहीं." आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. मग तिने सरळ माझ्याकडे पाहिलं. "तो फिर खल्फान कैसे गया?"

"मालूम नहीं, रईसा."

मी हे तिला कधीच म्हटलं नव्हतं. तिचा चेहरा मला बघवेना. पंधरा वर्षं तिच्याकडे निदान एक कारण होतं, रोगाचं नाव होतं, शेजारणींना सांगायला काहीतरी होतं, आणि ते मी आत्ता, पाव हातात धरून, काढून घेतलं होतं. ती उठली, फोन घेतला आणि आतल्या खोलीत गेली. तिचं स्वाहिली मला दोन-चार शब्दांपलीकडे कधी आलं नाही, पण अरमान पलीकडून वाद घालत होता हे कळत होतं, आणि ती रडत नव्हती हेही. ती हुकूम सोडत होती. थोड्या वेळाने पलीकडचा आवाज खाली आला. तो परत फिरला असावा.

मी उठले. रईसा बाहेर आली नाही. नबील माझ्याबरोबर दारापर्यंत आला. मला वाटलं तो चिडेल, निदान हसेल, काहीतरी होईल. तिसाव्या वर्षी कुणी कुणाला बंधनातून असं सोडतं का कधी? त्याने माझी चप्पल पायाने सरळ करून ठेवली, लहानपणी करायचा तशी.

"आंटी, आपको कब पता चला?"

"मंडे को."

"मंडे," तो म्हणाला. मग, जणू मलाच बरं वाटावं म्हणून हळू आवाजात सांगायला लागला. ऑफिसातली मुलगी आहे, सूर गावची. दोन वर्षं झाली. अम्मीला माहीत नाही. तिच्या वडिलांनी त्याला घरी बोलावलं होतं, माणूस चांगला, कॉफी पाजली, सगळं त्यांना पसंत होतं. "मैंने खुद बोल दिया. मेरा दिल ऐसा है, बच्चों को भी आएगा, आप अपनी बेटी मुझे मत दो. उन्होंने मेरा माथा चूमा. बोले, सच बोलने वाला लड़का है." तो हसला. "वो ट्यूजडे था, आंटी."

"मग आता जा ना परत," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं, भान नव्हतं. "आजच जा. मी येते तुझ्याबरोबर, मी सांगते त्यांना."

"शी सेड येस टु समवन एल्स. कल." तो म्हणाला. "घरवाले तय करके बैठे थे, सिर्फ मेरी वजह से रुके थे."

पंधरा वर्षांबद्दल बोलायला माझ्याकडे पुष्कळ होतं. याद्या अपुऱ्या होत्या, नमुने नव्हते, जगभरच्या लॅबनी हीच चूक केली. सगळं खरं होतं आणि नबीलने ते ऐकून घेतलं असतं, तो तसाच आहे. पण त्याने पंधरा वर्षांचं काही विचारलंच नाही. तो माझ्याकडे बघत उभा होता आणि मी मंगळवार आठवत होते. मंगळवारी संध्याकाळी मी मत्रहच्या सूकमध्ये, जुन्या बाजारात होते. पुण्याच्या मैत्रिणींना द्यायला लोबान घ्यायचा होता, आणि हा चांगला की तो चांगला करत, एकेक खडा हुंगून बघत, मी त्या दुकानात चांगला तासभर काढला होता.